कोरी खोली

४ फेब्रुवारी, बुधवार

परत नाकारलं!

"ठसा जुळत नाही. तुमचं पॅकेज माझ्यापेक्षा जड भरतंय." एवढंच लिहिलंय. ना नमस्कार ना चमत्कार.

कोण हा? कुठून उपटला? इतकी वर्षं माझं काम आमच्या मंडळाचे मास्तर स्वतः बघायचे. आता म्हणे नवीन माणूस घेतलाय, "फार बारीक नजर आहे हो त्यांची." नाव म्हणून नुसती दोन अक्षरं लावतो. मी त्याला सुईदोरा म्हणते. सरळ शिवलेलं उसवून बघायची खोड!

डोकं तापलंय, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते. 'बोलका' हा माझा प्रोग्रॅम. पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवतो, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. फुकट आहे. कुणीही घ्यावा, कुणीही आत डोकावून बघावं. पण तो जगभरच्या यंत्रांत आपोआप पोचायचा, तर आमचं हौशी मंडळ कॉम्प्युटर चालवणारी जी फुकट प्रणाली काढतं तिच्या नव्या आवृत्तीत शिरायला हवा, आणि त्याची रीत ठरलेली आहे. आधी कृती लिहायची, म्हणजे आत काय काय जाणार आणि ते कशाच्या आधारावर चालणार. मग कोऱ्या खोलीत पॅकेज बांधायचं. कोरी खोली म्हणजे यंत्राच्या आतच तयार केलेली एक रिकामी जागा. तिथे कृतीत लिहिलेलं सोडून काही म्हणजे काही नसतं. बांधून झालं की पॅकेजचा ठसा निघतो, आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. तिकडे दुसरा माणूस तीच कृती घेऊन त्याच्या यंत्रावर स्वतंत्र बांधतो. दोघांचे ठसे जुळले की मास्तर फाटक उघडतात. आत एका अक्षराचा फरक असला तरी ठसा पार बदलतो.

हे दोघांनी बांधायचं खूळ याच खेपेपासूनचं. आणि कोरी खोली? माझ्या म्हाताऱ्या यंत्रावर ती उघडायची म्हणजे पंखा बोंबलायला लागतो आणि अख्खा दिवस जातो. मी आपली नेहमीच्या फोल्डरातच बांधते. आजवर कुणाचं काय अडलं?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर काउंटरवर पार्सलं. कुरियरच्या धंद्यात माणसं इतकं खोटं बोलतात! "आत काय आहे?" "काही नाही हो, कपडे." उघडायला लावलं तर आत अत्तराच्या बाटल्या. आमच्याकडे नियम आहे, पाठवणाऱ्याने आमच्यासमोर उघडून दाखवायचं, मगच आम्ही चिकटपट्टी लावणार. बाकीच्या मुली कंटाळा करतात. मी सोडत नाही. साहेब म्हणतात, "तुम्ही असलात की मला कुत्रं पाळायची गरज नाही." हे कौतुक होतं की काय, ठरवता आलं नाही.

घरी आले तर दादा दारातच. माझा मोठा भाऊ. डोळे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सकाळच्या पाळीत हॉस्पिटलच्या फोनवर बसतो — कुठला डॉक्टर कधी भेटेल, कुणाला कितीची वेळ द्यायची. 'बोलका' त्याच्या कानात पडदा वाचतो, तो फोनवर सांगतो. त्याच्यासाठीच तर लिहिला मी तो.

"ठमे, आमची यंत्रं पुढच्या महिन्यात बदलताहेत. तुमच्या मंडळाची नवी आवृत्ती घालणार म्हणे."

"मग?"

"हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंनी विचारलं, त्यात तुमचा बोलका आहे का? मी म्हटलं, असणारच. त्या म्हणाल्या, यंत्र बोललं तर प्रश्नच नाही. नाही बोललं तर मग बघू."

मग बघू! या दोन शब्दांचा अर्थ कळायला डोळे लागत नाहीत. अठ्ठावीसला आमचं फाटक बंद होतं. त्याच्या आत बोलका शिरला नाही तर दादा घरी बसेल. आणि घरी बसलेला दादा मी पाहिलाय. डोळे गेले तेव्हा वर्षभर तो खुर्चीतून उठला नव्हता. तो दादा मला परत नकोय!

८ फेब्रुवारी, रविवार

सुईदोऱ्याला लिहिलं — समोरासमोर बोलू, कॅमेरा लावा. उत्तर: "कॅमेरा नको."

बरं. मग माझ्या पडद्याचा फोटो पाठवला, बघा, माझ्याकडे सगळं कसं व्यवस्थित बांधलं जातंय. उत्तर: "चित्र नको. मजकूर पाठवा."

का नको? चेहरा लपवायचा, चित्र बघायचं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. पॅकेज तर इतक्या झटपट तपासतो की मी डबा उघडून जेवेपर्यंत उत्तर हजर! काम-धंदा नाही का याला? फुकटात इतकी मेहनत कोण करतं? मी करते ते माझ्या भावासाठी. हा कुणासाठी करतो?

आणि शेवटी, जाता जाता, एक ओळ — "एक विचारू? दादा कोण?"

मी मंडळात कुणालाही सांगितलेलं नाही की मला भाऊ आहे. कुणालाही नाही! मास्तरांनासुद्धा नाही.

उत्तर दिलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज त्याने लिहिलंय — "दादांची चारची गोळी झाली का?"

यंत्र तिथल्या तिथे बंद केलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काउंटरवर लक्ष लागलं नाही. एका बाईचं पार्सल न उघडताच चिकटवलं, मग लक्षात आलं, परत फाडलं. ती काय काय बोलली!

दादा चारला ब्लडप्रेशरची गोळी घेतो हे फक्त घरात माहीत. गोळी घे म्हणून त्याच्यामागे ओरडणारी मी एकटी. म्हणजे हा माणूस आमचं घर ऐकतोय. कसं? कुठून?

कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. सगळे पासवर्ड बदलले. नवऱ्याच्या फोनचाही बदलला, त्याला न सांगता. तो बिचारा दोनदा चुकीचा टाकून बसला आणि मग माझ्याकडे बघितलं. लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची सवय आहे त्याला. तोच आवाज काढून मला म्हणाला, "काय झालंय? नीट सांग." सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्यालाच विचार ना सरळ, तुला कसं माहीत म्हणून."

वा! चोरालाच विचारायचं, कुठून शिरलास?

दादाला काही सांगायचं नाही असं बजावलंय. उगाच घाबरेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू! कसा सुचला नाही इतके दिवस! सुईदोरा आणि तो, दोघं एकाच सुमाराला उगवले. त्याच्या घरातून सतत घूं घूं आवाज येतो. परवा जिन्यात त्याच्या हातात खोकं होतं, वायरी बाहेर लोंबत होत्या. मी विचारलं, आत काय आहे? म्हणाला, "पंप." पंप!

१५ फेब्रुवारी, रविवार

पंपच होता. मासे पाळतो. साखर मागायच्या निमित्ताने गेले, तर भिंतभर काचेच्या टाक्या आणि त्यांत निळे-पिवळे मासे. प्रत्येकाची ओळख करून दिली. एक मासा आजारी आहे म्हणे, तर त्याच्यासाठी वेगळी टाकी. अर्धा तास अडकले. साखर घेऊन आले. घरात साखरेचा डबा भरलेलाच होता, नवऱ्याने नेमका तेव्हाच उघडून दाखवला.

"साप म्हणून भुई धोपटणं थांबव आता," म्हणाला.

थांबवते. पण साप आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हद्द झाली.

सकाळी — "आज मोजे एकाच रंगाचे सापडले का?" आणि पुढे हसरा चेहरा!

दादाच्या मोज्यांचं त्याला काय करायचंय? हो, दादा दोन रंगांचे मोजे घालून जातो. मोठ्या बाईंनी एकदा हटकलंही होतं. म्हणून रोज सकाळी निघायच्या आधी मी विचारते, मोजे बघून घेतलेस का कुणाकडून. हे त्याला कसं कळलं? धमकी आहे ही. गोड बोलून दिलेली धमकी. तुमच्या घरातलं मला सगळं माहीत आहे, मुकाट्याने मी सांगतो तसं पॅकेज करा — दुसरा अर्थच नाही.

आणि सोबत एक आवाजाची फाईल जोडलेली. "ऐका म्हणजे कळेल जड का भरतंय ते. फरक काय आहे तेही खाली दिलाय."

कोण उघडतं अनोळखी माणसाची फाईल! मी नाही. आमच्या मंडळात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, अनोळखी माणसाने पाठवलेलं आपल्या यंत्रात उतरवायचं नाही. त्याने बांधलेलं पॅकेज उतरवून ताडून बघ, असं नवरा म्हणतो. वेडी आहे का मी? न उघडताच सगळं बाजूला टाकलं आणि त्याची दारं बंद केली. आता त्याने कितीही लिहिलं तरी माझ्यापर्यंत येणार नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरांना फोन केला. ते निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, मंडळाचं फाटक त्यांच्याच हातात. सगळ्यांत जुने.

"मास्तर, हा माणूस काढा."

"कारण?"

"घरगुती गोष्टी विचारतो. माझ्या भावाबद्दल. त्याला कळायचं काही कारणच नाही असलं. आणि मुद्दाम माझं पॅकेज अडवतोय. माझ्या जागी स्वतःचं घुसवायचा डाव आहे, नाहीतर आत काहीतरी पेरायचा."

"पुरावा आहे?"

"मास्तर, मी बाईमाणूस, मला घरचं विचारतो, चेहरा दाखवत नाही. आणखी कसला पुरावा?"

मास्तर म्हणाले, "तू उगाच बोलणारी नाहीस. चौकशी होईपर्यंत थांबवतो त्यांना. पण मला वाटत नाही गं तसं. फार सज्जन वाटतात बोलायला."

सज्जनच वाटतात सगळे. कपडेच असतात सगळ्यांच्या पार्सलात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

थांबवलं! मंडळाच्या चर्चेत मास्तरांनी जाहीर केलं — तक्रारीवरून अमुक व्यक्तीचे तपासणीचे अधिकार तूर्त काढून घेतले आहेत. खाली लोकांनी काय काय लिहिलं! "शेवटी निघालाच ना." "मला आधीच वाटलं होतं." एकाने तर त्याने आजवर तपासलेली सगळी पॅकेजं परत उघडा म्हणून धोशा लावलाय.

त्याने स्वतः एक ओळ लिहिली. "माझं काही चुकलं असेल तर क्षमा. मला वाटलं त्या हसतील."

हसतील? मी?

शांत झोप लागेल असं वाटत होतं. बघू.

२२ फेब्रुवारी, रविवार

आगीतून फुफाट्यात! आता तपासायला दुसरा माणूसच नाही. सगळे आपापल्या पॅकेजांत बुडालेत. दुसरा ठसा नाही तर फाटक नाही, नियम म्हणजे नियम. मास्तर म्हणाले, "थांब, मीच बांधून बघतो." बांधलं.

मास्तरांचा ठसा सुईदोऱ्याच्या ठशाशी जुळला. अक्षरन् अक्षर. माझ्याशी नाही.

"आता काय म्हणतेस?" मास्तर.

फोन ठेवल्यावर डोक्यात आलं — मास्तरही त्याला सामील! इतक्या वर्षांची ओळख, पण माणसाचं काय सांगावं. नवऱ्याला म्हटलं तसं. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "उद्या मीही सामील असेन," म्हणाला आणि परत वर घेतलं.

तेवढ्यावर मला रडू आलं. खरंच आलं. सहा दिवस उरलेत आणि मी सगळ्या जगाशी भांडत बसलेय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं दुखत होतं म्हणून कामावरून लवकर आले. दादाच्या खोलीतून बोलण्याचा आवाज. वाटलं कुणीतरी आलंय. दाराशी थांबले, ऐकलं.

"हाडांचे मोठे डॉक्टर — सोमवार, गुरुवार, सकाळी. लहान मुलांच्या बाई — रोज, बुधवार सोडून. कानाचे — कानाचे — " मग थांबला. स्वतःच्या मांडीवर थाप मारली. परत पहिल्यापासून. "हाडांचे मोठे डॉक्टर — "

पाठ करतोय. अख्ख्या हॉस्पिटलचं वेळापत्रक! यंत्र बोललं नाही तर निदान डोक्यात असावं म्हणून. मला चकार शब्द बोलला नाही. मी विचारलं की म्हणतो, "तू आहेस ना, मग कसली काळजी." आणि दार लावून पाठांतर.

स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नवऱ्याच्या कंपनीतलं एक कोरं करकरीत यंत्र मिळालंय, दोन दिवसांपुरतं. उद्या कोऱ्या खोलीत बांधणार. नियमात बसवून, पायरीन् पायरी. मग बघते कुणाचा ठसा खोटा ते! परवाची सुट्टीही टाकलीय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कामावरून आल्यावर बांधायला लावलं. या यंत्राचा पंखा बोंबलत नाही. जेवणं आटोपली तोवर झालंसुद्धा. ठसा बघितला. डोळे चोळून परत बघितला.

जुळला. त्या दोघांशी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजच लिहिलं पाहिजे.

सकाळपासून एकच प्रश्न. कोऱ्या खोलीतलं पॅकेज हलकं, माझं नेहमीचं जड. म्हणजे जास्तीचं जे काही आहे ते माझ्या पॅकेजात. घातलं कुणी? मला वाटलं, माझ्याच यंत्रात चोर शिरलाय आणि त्याने पेरलंय. म्हणून ते नेहमीचं पॅकेज मुद्दाम या उसन्या यंत्रात घातलं, चोर काय करतो ते बघायला. आवाज मोठा ठेवला आणि समोर बसून राहिले. दुपारभर काही नाही. दादा पाळी संपवून आला, जेवला, माझ्या शेजारी येऊन बसला. "कसली राखण करतेस?" म्हणाला. आता लपवून काय उपयोग? सगळं सांगितलं त्याला — गोळी, मोजे, सगळं. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. काही बोलणार, तेवढ्यात चार वाजले.

आणि यंत्रातून मी ओरडले.

"दादा! चार वाजले. गोळी घे. पाणी पूर्ण पी. घेतली म्हणून खोटं बोलू नकोस, मला कळतं!"

माझा आवाज. दादाच्या टेबलावर रोज वाजतो तो. मी कामावर असते म्हणून मागच्या आवृत्तीनंतर मीच भरून ठेवलेला. यंत्राच्या आवाजातली आठवण तो ऐकून सोडून द्यायचा, म्हणून माझ्या आवाजात भरली. सकाळी निघताना मोज्यांची, चारला गोळीची.

दादा म्हणाला, "अगं ठमे, हे यंत्र तर माझं नाही. मग हे मला का हाक मारतंय?"

एका क्षणात सगळं उलगडलं. ठेच लागावी तसं. त्या आठवणी मी ज्या फोल्डरात ठेवल्यात, त्याच फोल्डरात बसून मी पॅकेज बांधते. कृतीत लिहिलंय, 'या फोल्डरातले सगळे आवाज घे.' यंत्राने घेतले! बोलक्याचे आणि माझेही. कोऱ्या खोलीत बांधलं असतं तर माझे आवाज तिथे असतेच कुठून? आणि मी तपासायची ती दादाच्याच यंत्रावर. तिथे ते वाजायलाच हवेत, मग कळणार कसं?

म्हणजे मी धाडलेलं पॅकेज सुईदोऱ्याने तपासायला म्हणून घरी घातलं, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी मी त्याला मोजे विचारतेय. रोज चारला ओरडतेय. त्याने विचारलं — दादा कोण? विचारणारच! त्याला वाटलं, मी मुद्दाम नमुना म्हणून ठेवलंय. तो गंमत करत होता आणि मी त्याला चोर ठरवला!

ती बाजूला टाकलेली फाईल उघडली. आत माझंच ओरडणं होतं. खाली लिहिलेलं: "हा तुमचाच आवाज ना? छान आहे. पण हे सगळ्यांना जायला हवंय का?"

दुसऱ्याची पार्सलं उघडून बघणारी मी. स्वतःचं एकदाही उघडलं नाही.

मास्तरांना फोन लावला. रडत रडतच सांगितलं. ते चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. मी विचारलं, "पण मास्तर, कॅमेरा का नको म्हणाले ते? चित्र का नको?"

"अगं," मास्तर म्हणाले, "त्यांना दिसत नाही. तुझा बोलका कानाला लावूनच तर ते सगळं तपासतात. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. दिसत नाही त्यांच्यासाठी इतकी वर्षं प्रोग्रॅम लिहिते आणि चित्र नको म्हणणारा माणूस मला चोर वाटला!

मंडळाच्या चर्चेत लिहिलं, सगळ्यांसमोर. तक्रार खोटी होती. चूक माझी, मी कोऱ्या खोलीत बांधलं नव्हतं, माझ्या घरचे आवाज आत गेले, त्यांनी मला सांगायचा प्रयत्न केला आणि मी ऐकलं नाही. त्यांचे अधिकार परत द्या. लिहायला फार वेळ लागला नाही. पाठवायला लागला. मागे उभं राहून नवऱ्याने वाचलं, खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

मग त्यांची दारं उघडली आणि नवीन पॅकेज धाडलं. हलकं. सोबत लिहिलं, "मला क्षमा करा. उद्या फाटक बंद होतंय. माझ्या भावाची नोकरी याच्यावर आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

दादा शेजारीच होता. "मला कुसळही दिसत नाही नि मुसळही," म्हणाला, "पण घरात मोठ्याने ओरडतं कोण, ते मला पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. मला विचारायचंस."

उत्तर नाही अजून.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच आलं — "जुळलं." दुसरा शब्द नाही. मास्तरांनी फाटक उघडलं. बोलका आत! दादा खोलीत गेला आणि हाडांच्या डॉक्टरांपासून सगळं वेळापत्रक एकदा खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. म्हणाला, पाठ झालंच आहे तर वाया का घालवा.

संध्याकाळी त्यांची आणखी एक ओळ. "नवीन पॅकेज घातलं. आज चारला घरात कुणी बोललं नाही. मीही तेव्हाच गोळी घेऊ लागलो होतो. राहिली."

दादाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "त्यांच्यासाठी वेगळी भर. माझ्या नावाने किती दिवस गोळी घेतील ते?"

माईक समोर घेतला. तोंड उघडलं आणि थांबले. हाक मारायची ती कुठल्या नावाने? मी त्यांना नाव कधी विचारलंच नाही.

आता विचारलंय. वाट बघतेय.